रखमाचा वाटा

१२ ऑक्टोबर १९६४, मालवण
बर्फ पुन्हा उशिरा. गाडीवान म्हणतो, बैल अडला. भुसा ओला, लाद्यांचे कोपरे गेलेले. तोवर कोळंबी वाळूवर तापली. मांसाच्या आत पारा एकतीसवर. डोकी काळवंडायला लागली होती. सगळा माल नाकारला.
भाऊसाहेब (सोसायटीचे अध्यक्ष, बाजारात तीन दुकानं): "बाई, तुम्ही नाकारायचाच पगार घेता काय?"
हो. नाकारल्याची पावती फाडून दिली.

१५ ऑक्टोबर
सोसायटीची बैठक. भाऊसाहेबांचं भाषण नेहमीचंच, पण खोटं नव्हे. सिलोनला जाणारी सुकी मासळी जवळजवळ बंद. मुंबईवाले आपल्या भावाने घेतात. आंबा दीड महिना. "नुसत्या खाऱ्यावर हा किनारा किती दिवस जगायचा? परदेशी गिऱ्हाईक पाहिजे." काजूगर पाठवून पाहिले, कीड म्हणून परत आले. काथ्या पाठवला, उत्तर नाही. आमसुलांचा नमुना तिकडे कोणी औषध समजून फेकून दिला म्हणतात. उरली गोठवलेली कोळंबी. गोठवणीची खोली उभी आहे, इंजिन आहे, आणि मी आहे. पुढच्या महिन्यात जपानी खरेदीदार येणार. पसंत पडलं तर करार. नाही तर खोलीला कुलूप, असं ते स्पष्ट म्हणाले.
मुंबईची बी.एस्सी., वर दक्षिणेतल्या केंद्रात वर्षभर मासळीचं शिक्षण. कुलूप लावायला ते घेतलं नाही.

२१ ऑक्टोबर
वाडीच्या किनाऱ्यावर पहाटेपासून. बर्फापर्यंत माल का पोचत नाही ते शोधायचं होतं. इथे रापण ओढतात: होडी समुद्रात अर्धगोल जाळं सोडून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. पंचवीस-तीस माणसं. जाळं वाळूला लागलं की तिथेच ढीग घालून वाटे. खोळंबा इथे होतो. कारण इथली रीत: जाळं वाळूला लागण्याआधी ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा. म्हातारी माणसं येतात, गरोदर बाया येतात, एक आंधळा येतो. नुसता हात ठेवतात. ओढणारे पंधरा, बाकीचे धरणारे. मग प्रत्येकाचा ढीग, त्यावर भांडण, त्यावर हसणं, आणि तोवर ऊन.
मी कोळंबीला तापमापक लावला तर दोरावरून एक जण ओरडला, "डाक्तरीण इली रे, सुंगटांची नाडी बगूक!" दुसरा: "ताप आसा काय गो तेंका? कपाळार पट्टी घाल मगे!"
रापणीचा म्होरक्या सखाराम तांडेल. त्याला म्हटलं, ओढणाऱ्यांनाच वाटा ठेवा, निम्मा वेळ वाचेल. म्हणाला, "बाये, आमच्यात जोर बगनत नाय. हात बगतत."

२३ ऑक्टोबर
दोराच्या शेवटी धरणारी म्हातारी माझ्याकडे बघून हसत होती. नाव रखमा. नवरा होडीबरोबर गेला, मूलबाळ नाही. "मास्तराचा चेडू मां गो तू? कट्ट्याक तुमच्या दारात टोपली उतरून बसलेलंय मी. तुज्या आवशीन माका पेज वाडलेली." असेल. कट्टा आमचं गाव, आई असताना तिथे मासेवाल्या यायच्या, चेहरे आठवत नाहीत.
तिला आता डोक्यावर टोपली झेपत नाही. हा वाटा सोडून तिचं काही चालत नाही. त्यातला अर्धा विकते, अर्धा खाते. सखाराम सांगत होता, मी विचारलं नव्हतं.

२ नोव्हेंबर
दोरावरच्या सगळ्यांच्या हातांचे नमुने घेऊन काचेच्या ताटल्यांत जंतू वाढायला ठेवले होते. ताटल्या आज उघडल्या. सगळ्यात वाईट रखमाच्या. दोराने फाटलेली बोटं, भेगांत जुना पू. हेच हात वाटे घालताना कोळंबीत जातात.
ताटली किनाऱ्यावर नेऊन दाखवली. त्याशिवाय पटत नाही ह्यांना.
"ह्या काय गो? बुरशी?"
"तुझी बोटं."
"माजी?" तिने ताटली उजेडात धरली. "म्हंजे मी अशी आसंय?"
"अशीच."
कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. तिने ताटली परत देताना पदराने पुसून दिली. पुन्हा निर्जंतुक करावी लागेल.

५ नोव्हेंबर, कट्टा
दिवाळीला घरी, वडिलांकडे. आण्णांना पाहायला म्हणून मसुऱ्याचे कोणी आले होते, पाहिलं मला. "मुलगी काय करते?" आण्णा म्हणाले, "कोळंबी तपासते." त्यांच्यातल्या बाई माझा हात हातात घेऊन बोलत होत्या, नंतर तो हळूच नाकाशी नेला. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. होकार येणार नाही. बरं.

९ नोव्हेंबर
नियम लिहून दिले. एक: जाळ्यातून माल थेट बर्फाच्या पेटीत, वाळूवर ढीग नाही. दोन: वाटा रोखीने, ओढणाऱ्यांनाच, हात तपासून. तीन: नियमाबाहेर हात लागलेला माल बाद. चार: बाद माल कोणी विकू अगर खाऊ नये म्हणून जागच्या जागी फिनेल घालावे.
भाऊसाहेबांनी वाडीला एवढंच सांगितलं की हे मान्य नसेल तर सोसायटी दुसऱ्या वाडीचा माल घेईल. तरुणांना रोख हवी आहे. सखाराम एकटा दोराचं वेटोळं घालत राहिला. मग तोही मानेनेच हो म्हणाला.
हात तपासले. अकरा जण वगळले. रखमाने दोन्ही हात आधी पालथे, मग उताणे करून नीट धरले, लग्नाला मुलगी दाखवतात तसे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "परत बग." परत बघितलं. नाही.

१३ नोव्हेंबर
माल उत्तम. तापमान पाचच्या खाली. पहिल्यांदा.
वगळलेले माडाखाली बसून बघतात. आंधळा आता येत नाही. रखमा येते. दोरापासून हातभर लांब उभी राहते, दोर सरकेल तशी सरकते. हात मागे बांधलेले. तरुण पोरगे चेष्टा करतात, "आजये, सावली पडली तुजी दोरार, वांटो होयो काय?" ती दोराकडेच बघते. मला त्रास होत नाही. माल स्वच्छ आहे.

१८ नोव्हेंबर
पाहुणे आले. एक जपानी गृहस्थ आणि मुंबईचा एजंट. आज घडलं ते क्रमाने लिहिते.
गोठवणीची खोली पाहिली, माझी टिपणं पाहिली, मान हलवली. मग किनारा पाहायचा म्हणाले. गळ्यात कॅमेरा. रापण येत होती. त्यांनी पंधरा ओढणाऱ्या बाप्यांकडे पाहिलंही नाही. लांब उभ्या रखमाकडे बोट केलं. एजंट म्हणाला, "ही पाहिजे त्यांना. दोर धरून. खोक्यावर हेच चित्र छापू म्हणतात. तिकडच्या बायकांना आवडेल."
भाऊसाहेब लगेच, "रखमा, ये गो! वायच धर दोर, फोटो काडूचो आसा."
"नुसतो धरू?"
"नुसतो."
तिने सखारामकडे पाहिलं. सखारामने पायाकडे. ती आली, दोर धरला. फोटो झाले, तीन का चार. भाऊसाहेब म्हणाले, "सोड आता." तिने सोडला नाही. ओढत राहिली, जाळं वाळूला लागेपर्यंत. मग म्हणाली, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हात लागलो माजो."
भाऊसाहेबांनी खिशातून नाणं काढलं. ती त्यांना वळसा घालून पेटीपाशी गेली आणि कोपरापर्यंत दोन्ही हात बर्फात घातले.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाहुणेसुद्धा. भाऊसाहेब पुटपुटले, "राहू दे बाई, आजचा दिवस." पण आजचाच दिवस तर तपासणीचा होता. मी पेटी बाद केली. बाटली काढली, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये ओतली. पाणी पांढरं झालं.
रखमाने ओटीत कोळंबी भरायला सुरुवात केली. त्याच पेटीतली. ओटीतलं पांढरं पाणी तिच्या पायांवरून गळत होतं.
मी म्हटलं, "ती खायची नाही. पुरून टाक."
"पुरूक मी मेलंय काय?"
सखारामला म्हटलं, काढून घ्या तिच्याकडून. तो म्हणाला, "वांटो काडून घेणारो हात माजो न्हय."
माझाही नव्हता. म्हणजे मी गेले नाही. ती किनाऱ्याने चालत गेली, कोणी अडवलं नाही.
पाहुणे मला वाकून काही बोलले. एजंटने सांगितलं, "ते म्हणतात, ह्या बाई असतील तर माल घेऊ."

१९ नोव्हेंबर
करारावर सह्या झाल्या. बाजारात गुळाचं खाजं वाटलं. भाऊसाहेबांनी चारचौघांत मला "आमची वाघीण" म्हटलं. रेडीपासून देवगडपर्यंत इतर रापणींसाठीही हेच नियम लिहून द्यायचे आहेत. रात्री घरमालकीणबाईंनी माझ्या पानात खाजं वाढलं, गूळ चिकट झाला होता. नियम नीट लिहिले आहेत. दुरुस्ती सुचत नाही.

२१ नोव्हेंबर
रखमा दवाखान्यात आहे. परवापासून. मला आज कळलं.
शेजारीण सांगत होती: कोळंबी सात पाण्यांनी धुतली, तिरफळं आणि आमसुलं घालून कढी केली, वास जाईना म्हणून मिरची वाढवली. शेजारणीने वाटीभर मागितली तर दिली नाही. म्हणाली, "हो माजो वांटो, तुका दुसरा काय तरी देतंय." सगळी एकटीने खाल्ली.
न देण्याचं कारण शेजारणीला वाटतं लोभ. मला तसं वाटत नाही.

२२ नोव्हेंबर
डॉक्टर तरुण आहेत, रत्नागिरीकडचे. त्यांनी विचारलं, "फिनेल पातळ करून?"
"तसंच."
"का?"
"पातळ करावं असं नियमात नाही."
"नियम कोणाचा?"
"माझा."
त्यांनी लिहून घेतलं. बाटलीवरचा मजकूर मी तोंडपाठ सांगितला, तोही लिहिला. उपयोगी पडावा. घसा आणि अन्ननलिका भाजली आहे. चमच्याने पाणी. तेही निम्मं परत येतं.
रखमाला आवाज नाही. मला ओळखलं. पांघरुणातून दोन्ही हात काढले, आधी पालथे, मग उताणे. तसेच धरून ठेवले. मी काय म्हणायला हवं होतं?
बोटांना तेल लावलं आहे नर्सने. भेगा भरत आहेत.

२४ नोव्हेंबर
भाऊसाहेब: "म्हातारीने आपल्या हाताने खाल्लं. सर्वांदेखत बजावलं होतं. हे बाहेर जायला नको, बाई. मुंबईला कळलं तर खोली बंद, आणि वाडीतली चाळीस घरं परत सुकटीवर." बरोबर आहे. प्रत्येक वाक्य बरोबर आहे.
फोटो धुऊन आले, एजंटने एक प्रत पाठवली. रखमा हसते आहे. खोक्यावर हाच जाणार.

२७ नोव्हेंबर
आण्णा कट्ट्याहून आले, एसटीने, न कळवता. आधी दवाखान्यात गेले, मग माझ्याकडे.
"तुला ओळखत होती ना ती?"
"हो."
"आणि तू?"
मी भात वाढला. ते जेवले नाहीत. शेवटच्या गाडीची वाट बघत स्टँडवरच बसले, माझ्या खोलीत नाही.

१ डिसेंबर, किनाऱ्यावर
हे इथेच लिहिते, पेटीवर वही ठेवून. करारातली पहिली खेप आज. ट्रक वर रस्त्याला उभा आहे.
जाळं वाळूला लागलं. भरपूर कोळंबी, मोठी. पेट्या उघड्या ठेवल्या होत्या. सखाराम वाकला, ओंजळीने कोळंबी उपसली आणि वाळूवर ढीग घातला. एकच. मग दोराजवळ जाऊन खाली बसला. त्याच्यामागून सगळे बसले. तरुण पोरगेसुद्धा, सावलीवरून हसणारे तेही.
मी विचारलं, "हे काय?"
"रखमाचो वांटो. पयलो वांटो उचलल्याशिवाय दुसऱ्याक हात लागना नाय."
"तिने आज दोर धरलेला नाही."
"त्या दिवशी धरलेलो. तेवाचो वांटो अजून तिका मिळूक नाय. तू पांढरा पाणी दिलंस तां वांटो न्हय."
भाऊसाहेबांनी रोख वाढवून सांगितली. मग दुसऱ्या वाडीचं नाव काढलं. मग दुप्पट. एकही उठला नाही. एकाने विडी पेटवली.
म्हटलं, "ती गिळू शकत नाही. तिला पोचवून काय होणार?"
सखाराम म्हणाला, "तां ती बगात. खावात, फेकात, तुज्या तोंडार मारीत. आमी पोचवूचो न्हय. तू पोचव. सगळ्यांच्या समोरसून, डोक्यार घेवन."
नियम तीनप्रमाणे वाळूवरचा ढीग बाद आहे. नियम चारप्रमाणे बाटली माझ्याकडे आहे. भाऊसाहेब कानाशी येऊन दोन गोष्टी म्हणाले: एक, ओता आणि संपवा. दोन, घेऊन जा आणि संपवा. त्यांना दोन्ही चालेल.
जाळ्यातला माल तापतो आहे. मी आत्ताच पारा पाहिला. ऊन माडांच्या वर आलं. कावळे उतरले होते, एका म्हाताऱ्याने उठून हाकलले आणि परत आपल्या जागी जाऊन बसला.
कोणीतरी माझ्या पायाशी रिकामी टोपली आणून ठेवली आहे. चुंबळीसकट.