गुणीचं बाळसं

मंगळवार, ता. ८ फेब्रुवारी १९८३. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे.

फणसवाडी. हेरंबकाकांच्या सायक्लोस्टाइलच्या दुकानात बसून ‘सजीवांतील महारेणू : रचना व कार्य’ या धड्याची पहिली स्टेन्सिल कापत होतो. मुलींच्या कॉलेजच्या गृहविज्ञानाच्या नोट्स. लोखंडी लेखणी अडकली आणि मेणकागद फाटला. कारण मी लिहिता लिहिता वाचायला लागलो होतो. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — “तुझं काम अक्षर काढायचं. अर्थ काढायला त्या पोरी आहेत.”

पण धड्यात लिहिलंय की तांदळातला स्टार्च आणि कापसातला सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच लांब माळा. मी बाबांबरोबर गिरणीत दोन वर्षं सायझिंग खात्यात बदली कामगार होतो. तिथे स्टार्चची खळ उकळायची आणि सूत त्यातून काढायचं, म्हणजे मागावर तुटत नाही. म्हणजे आम्ही ग्लुकोजला ग्लुकोज फासत होतो? बाबांची त्या खात्यात तीस वर्षं गेली. त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. गिरण्यांचा संप लागल्यापासून खात्याचं नाव काढलं की ते उठून गॅलरीत जातात.

बुधवार, ता. ९ फेब्रुवारी

नोट्स लिहिणाऱ्या सुनेत्राबाई स्टेन्सिल तपासायला आल्या. चूक एकही नाही. “किती शिकलास?” नववी म्हणालो. धीर करून विचारलं, तांदूळ आणि कापूस एकाच मण्यांचे, तर सूत का खाता येत नाही?

“मणी तेच, जोड वेगळा. सुताचा जोड तोडणारं विकर आपल्या पोटात नाही.”

विकर म्हणजे काय ते पुढच्या धड्यात आहे म्हणाल्या. म्हणजे ती स्टेन्सिल येईपर्यंत थांबायचं.

गुरुवार, ता. १७ फेब्रुवारी

आज प्रथिनं. इथे मणी वीस प्रकारचे. माळ नुसती लांब नसते, तिला घड्या पडतात, आणि घडीवर काम ठरतं. एक रक्तात प्राणवायू वाहतं, एक केस होतं, एक रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं. हे शेवटचं दोनदा वाचलं. पुढे असं — ‘आहारात प्रथिने अत्यल्प असल्यास हे प्रथिन घटते, पाणी झिरपून ऊतींत साठते. पावले व चेहरा सुजतो. केस तांबूस होतात. मूल गुबगुबीत दिसल्याने पालकांची फसगत होते.’

लेखणी खाली ठेवली. काका म्हणाले, “काय रे जगन, हात दुखतो?”

घरी गुणी आहे. माझ्या थोरल्या भावाची मुलगी, दोन वर्षं चार महिने. जयवंतदादा भिवंडीला मागावर आहे, महिन्यातून एकदा येतो. वहिनी आणि गुणी आमच्याकडे नायगावच्या खोलीत. आई सगळ्यांना सांगते, “संपात माणसां सुकली, पण आमच्या पोरीन बाळसा धरल्यान.” शेजारची सखुबाई कोळीण परवाच तिचे केस बघून म्हणाली, “गुने, मड्डम झालीस गो!” सगळे हसले. मीही हसलो.

तीच रात्र

झोपलेल्या गुणीच्या पावलावर बोट दाबलं. खड्डा पडला. पंचवीसपर्यंत आकडे मोजले, तरी भरला नव्हता. मग माझ्या पावलावर दाबून पाहिलं. लगेच भरला.

पण दुसऱ्यांच्या नोट्स वाचून डॉक्टरकी करणारा मी कोण?

शनिवार, ता. १९ फेब्रुवारी

नळावर वहिनीला सांगितलं. तिने कळशी भरून घेतली. मग म्हणाली, “म्युन्सिपालटीच्या डॉक्टरांनी महिन्यामागेच सांगितलं भावजी. अंडं द्या, मासे द्या, डाळ द्या. मी घरात बोलले नाही.”

का बोलली नाही ते मला माहीत आहे. संपाच्या पहिल्या दिवशी बाबांनी सातेरी देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं — संप जिंकेपर्यंत या घरात मासळी, मटण, अंडं शिजणार नाही, लहानथोर कोणी खाणार नाही. आम्ही सगळे मागे उभे राहून “होय महाराजा” म्हणालो होतो. मीसुद्धा. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न वाटला होता. गुणी तेव्हा अंगावर पीत होती. आता पेज आणि गूळ, गूळ आणि पेज. डाळ आठवड्यातून एकदा, तिच्या वाट्याला वरचं पाणी. दूध येतं ते चहापुरतं.

तिला दाण्याचं कूट भरवलं. ओकली.

सोमवार, ता. २१ फेब्रुवारी

सखुबाईला खरं सांगितलं. तिने डबा उघडून मूठभर जवळा, सुकवलेली बारीक कोळंबी, काढला, तव्यावर भाजला, पाट्यावर पूड केली. “माझ्या खोलीत शिजला, माझ्या खोलीत खाल्ला. तुमच्या देवीचं काय गेलं?”

गुणीने चमचाभर पूड घातलेली पेज खाल्ली. मग वाटी चाटली. आता रोज दुपारी वहिनी तिला ‘खेळायला’ तिकडे नेणार.

नवस घराचा होता की माणसांचा? ‘या घरात शिजणार नाही’ हे पाळलं. ‘कोणी खाणार नाही’ हे मोडलं. अर्धा मोडलेला नवस मोडलेला धरतात का, कोणाला विचारावं कळत नाही.

रविवार, ता. ६ मार्च

भलतंच झालं. गुणी सुकली. पंधरा दिवसांत गाल गेले, बरगड्या दिसतात, पायांच्या काड्या. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. “माझ्या पोरीचा बाळसा कोणी नेल्यान?”

नोट्सचं सातवं पान पुन्हा काढून वाचलं. सूज का येते ते आहे. उतरताना मूल कसं दिसतं ते नाही! सुनेत्राबाई परीक्षेच्या कामावर, महिनाभर येणार नाहीत. काकांना विचारलं. “मी शाई विकतो बाबा, मला विचारू नको.”

बुधवार, ता. ९ मार्च

बाबांनी सगळ्यांना बसवलं. “कोणी नवस मोडल्यान असात तर आताच सांगा. पोरगी हातची जातली.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. बाबांनी त्या क्षणापासून एक वेळचं जेवण सोडलं — देवीला दंड म्हणून. दंड त्यांनी भरायचा, गुन्हा माझा.

जवळा बंद करू? मला खरंच काही समजत नाही. धडा खरा असेल तर बंद केल्यावर पोरगी जाईल. देवी खरी असेल तर चालू ठेवल्यावर जाईल.

बंद केला नाही.

बुधवार, ता. १६ मार्च

गुणीने आज सखुबाईच्या उंबऱ्यावर बसून भोकाड पसरलं. वाटी रिकामी झाली म्हणून. दोन महिन्यांत ती मोठ्याने रडलीच नव्हती, हे आज लक्षात आलं. शांत पोर, गुणी पोर म्हणायचो. पावलावर बोट दाबलं. खड्डा नाही. गेलं ते पाणीच होतं.

शुक्रवार, ता. २५ मार्च

सांगितलं. बाबा गॅलरीत उभे होते. नोट्सचं पानही नेलं होतं, पण ते खिशातच राहिलं. मणी, माळ, पाणी, सूज, जवळा — सगळं उलटसुलट सांगितलं. एक थप्पड बसेल असं धरून चाललो होतो. आतमध्ये गुणी ताटली आपटत होती.

बाबा गिरणीच्या बाजूला वळले. मग म्हणाले, “खळ जास्त चढवली काय सूत भरदार दिसता. वजन पण वाढता. मागार गेल्यार तटातट तुटता. मी कित्याक नाय वळखलंय?”

मला वाटलं पुढे शिवी येईल. आली नाही. “आदी माका कित्याक नाय सांगलंस,” एवढंच. आणि आत जाऊन देवीच्या तसबिरीसमोर बसले. गाऱ्हाणं घातलं नाही. नुसते बसले.

रविवार, ता. २७ मार्च

सकाळी बाबा पिशवी घेऊन आले. आत चार बांगडे. आईसमोर ठेवून म्हणाले, “तिखला कर.” आईने त्यांच्याकडे बघितलं, मग विळी घेतली. वाढल्यावर पहिला घास बाबांनी स्वतः घेतला, मग काटे काढून गुणीला भरवलं. हात धुताना मला म्हणाले, “चौदा महिने झाले ना रे?”

“चौदा महिने नऊ दिवस.”

“उद्या माका लवकर उठव. कामार परत जावक गिरणीच्या गेटार नाव देवचा आसा.”