दारावरचा तांबडा सात

१२ जानेवारी १९९९, शिरूर

आन् मला न विचारता माझ्या दारावर तांबडा सात काढायचा यांना काय अधिकार? जुनं गाव बघत पायी फिरणारे कॉलेजचे सर आज आमच्या दगडी धर्मशाळेत आले. मीच शहाणी, चहा पाजला, सगळं फिरवून दाखवलं, वर बोलून गेले, सासऱ्याला हितं राखणीला ठेवलं होतं, जागा काय आमच्या नावावर न्हाई. सरांनी तेवढंच वहीत उतरवलं आन् जाताना दारावर सात काढला.

आमचे हे म्हणतात, "अगं, जुन्या इमारतींचा नंबर हाय तो. कौतुक हाय." रस्ता रुंद करताना बी असेच तांबडे आकडे काढले होते. ती घरं आता कुठं हायत?

सात पुसायला ओलं फडकं घेतलं, परत ठिवलं. पुसला तर गुन्हा व्हईल का? शुक्रवारपर्यंत सरांनी दारात उभं राहून सांगावं, आम्ही ऱ्हायचं का जायचं?