सोवळं नव्हतं ते, आई

आई, तुझ्या सोवळ्याचं कौतुक अजून संपलेलं नाही. परवा आत्या आली होती. माझी लेक बेसिनपाशी हात धूत उभी, ऑफिसची कॅब खाली हॉर्न वाजवून निघूनही गेलेली, आणि तुझी ही नणंद म्हणते, "आजीवर गेलीय गं! आजकाल एवढी मडी, एवढं सोवळं कोण पाळतं?" मी म्हटलं, "हात बघ तिचे. सालपटं निघालीत. मडी नाही ही, आजार आहे." तिला राग आला. येऊ दे.

मला आठवतो माझा दहावीचा निकाल. मी पेढे घेऊन येते. तू पुडा घेतेस आणि थेट नळाखाली धरतेस. पेढे विरघळून मोरीत जातात. तू रडतेस, तरी धूतच राहतेस. "मला नको असतं गं हे, पण मन ऐकतच नाही," म्हणालीस. आणि बाहेर माझे वडील, अण्णा, शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत होते, आमच्याकडे मडी फार कडक! थंडीत ओलेत्याने कुडकुडायचीस, बोटांच्या भेगांतून रक्त यायचं, आणि सणाला आलेल्या बायका लांबूनच तुझ्या पाया पडायच्या. कसलं पुण्य नि कसलं काय! छळ होता तो तुझा. मला आजही संताप येतो, तुझा नाही, त्या पाया पडणाऱ्यांचा.

गेल्या महिन्यात लेक म्हणाली, "आई, मला थांबायचंय, पण थांबताच येत नाही." मी त्याच आठवड्यात तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. आत्याने फोनवर विचारलं, "लोकांना कळलं तर लग्न कसं व्हायचं?" म्हटलं, लग्न गेलं खड्ड्यात. डॉक्टर बाईंनी विचारलं, नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो का? धुतल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही का? त्यात काम, झोप, माणसं सुटत चाललीत का? लेक मान हलवत राहिली. "सरी, ठीक आहे," बाई म्हणाल्या, "यातून बरं होता येतं. स्वल्प वेळ लागेल, पण आलात ते बरं केलंत." मग माझ्याकडे वळल्या. हात स्वच्छ झाले का असं तिने विचारलं, तर हो म्हणायचं नाही. त्या हो-ने घटकाभर बरं वाटतं आणि आजार वाढतो.

आज सकाळी तिने विचारलंच, "आई, झाले ना गं स्वच्छ?" मी तिचा डबा भरत राहिले. तिने पुन्हा विचारलं. मग किंचाळली, "तू आईच नाहीस माझी!" मी तिच्या चपला दारात ठेवल्या. रडत, ओल्या हातांनीच ती लिफ्टमध्ये शिरली. व्हाइटफील्डला ऑफिसला नेणारी कॅब मिळाली तिला.

तू तर गेलीस, हे पत्र तुला कुठे पाठवू? राहील माझ्यापाशीच. पण खरं सांगते, 'हो गं बाळा' अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. उद्याही येईल. तुला सगळ्यांनी जन्मभर हो म्हटलं, आई. हिला मी म्हणणार नाही.