सवतीची हवा

४ तारीख, सोमवार

आज आनंद पोटात मावत नाही. नातीला लायसन मिळालं. रविवारी हॉस्टेलवरून येतेय. फोनवरच सांगून टाकलं, आजोबांची जीप तुझी. मुलाला चहाचा ठसका लागला. म्हणाला, आई, ती जीप गळते, रोज फरशीवर रेडिएटरमधल्या कूलंटचं हिरवं तळं असतं. म्हटलं, गळत नाही, घाम येतो तिला. वय झालं की येतो. मलाही येतो.

त्याने अट घातली. रविवारी जीप टेकडीवरच्या टाकीपर्यंत चढून परत आली तर राहील. नाहीतर चार वाजता भंगारवाला येऊन नेईल.

ठरलं. दुरुस्ती मीच करणार. शाळा चौथीत सुटली म्हणून काय झालं, घरातला कुकर कोण दुरुस्त करतं?

५, मंगळवार

जीपखाली परात ठेवली. घाम रबरी नळीच्या तोंडाशी येतो. चिंधी बांधली, वरून सुतळी. हे असताना रोज सकाळी हिला पुसायचे. मला कधी दमलीस का विचारलं नाही. जन्मभर हिला सवत म्हटलं, आणि आता सवतीची मलमपट्टी करत बसलेय. सून येऊन म्हणाली, आई, ती माझी परात आहे. दुःख कुणाला कशाचं असतं बघा.

६, बुधवार

घाम वाढला. चिंधी सुनेच्या जुन्या ओढणीची होती, तिथेच चुकलं. त्या ओढणीला कधीच धड गाठ बसली नाही. उद्या माझ्या लुगड्याची बांधते.

७, गुरुवार, दुपारी

परात कोरडी! थेंब नाही! लुगडं ते लुगडं. मुलाला ओढत आणून दाखवलं. त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, आत डोकावला. म्हणाला, आई, आत पाणीच उरलेलं नाही, गळेल काय? हा लहानपणापासून असाच. चांगलं चाललेलं बघवत नाही.

८, शुक्रवार

गॅरेजवाल्याला फोन केला. तो परगावी. पण माणूस चांगला, सगळं समजावून सांगितलं. आजी, नळीवरची क्लिप आवळा, कूलंट भरा, मग हवा काढा. सगळी काढा हं, जरा जरी राहिली तरी गाडी तापणार. मी म्हटलं, काळजीच करू नकोस.

ह्यांचा पाना गंजलाय. क्लिप पकडीने आवळली. गरम पातेल्याची पकड.

९, शनिवार

कूलंट भरलं. हवा काढली. बाई गं, काय कष्टाचं काम! खिळा घेऊन एकेका चाकाशी फतकल मारायची आणि दाबून धरायचं. फुस्स. चौथ्या चाकापर्यंत गुडघे गेले. मागे लावलेली स्टेपनी विसरणार होते, पण सगळी म्हणाला होता ना. तिचीही काढली.

जीप छान खाली बसली. बिचारीला बरं वाटलं असणार. परात कोरडी.

१०, रविवार

मुलगा जीपभोवती फिरला. स्टेपनीपाशी थांबला. म्हणाला, आई, हिचीसुद्धा? म्हटलं, गॅरेजवाल्यालाच विचार. त्याने विचारलं. फोनमधून अंगणभर ऐकू आलं, अहो आजी, रेडिएटरमधली! नात हसून हसून पायरीवर आडवी झाली. मुलगा हसला नाही.

टेकडी राहिली. चारला भंगारवाला दोरखंड घेऊन आला. म्हणाला, बसलेली म्हैस ओढू कशी? पुढच्या रविवारी क्रेनच आणतो. आणि गेला रिकाम्या हाती! म्हणजे माझा उपाय लागू पडला. हे मुलाला समजावलं. तो पंप घेऊन आला.

बापलेकींनी आळीपाळीने हवा भरली. दोघं घामाघूम. जीप उभी राहिली. नातीने किल्ली फिरवली आणि सुरू झाली की हो! मी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात खाली टप. मग टप टप. मी म्हटलं, घाम. नात उतरली, माझा गाल ओढून म्हणाली, आजी, मी आपली बसने जाते.

सून परात घेऊन गेली.

असो. आणू दे त्याला क्रेन. क्रेनलाही चाकं असतातच.