गुरुजींची नोंद आणि किटलीचे झाकण

चि. बंधुराज (मावशीच्या बाजूचे) यांस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे, तो पाळतो आणि लगेच मोडतो. तुझा गुडघा कसा आहे? मावशी कानातले यंत्र वापरते की ते अजून उशीखालीच असते? तुझ्या सौभाग्यवतीला आशीर्वाद. तिने पाठवलेल्या चहाच्या किटलीबद्दल मी मागे आभार मानले होते. ते परत घेण्यासाठी हे पत्र आहे.

किटली दिसायला देखणी आहे, याबद्दल वाद नाही. पण चहा ओतायला ती तिरपी केली की तिचे झाकण कपात पडते. कमी तिरपी केली तर चहा येत नाही आणि पुरेशी केली तर झाकण येते. मधली स्थिती नाही. मी सगळे कोन करून पाहिले आहेत. झाकणावर बोट ठेवावे तर बोट भाजते, फडके ठेवावे तर फडक्याचे टोक चहा पिते. तुझी वहिनी म्हणते, उभे राहून ओता. एका किटलीसाठी माणसाने स्वतःच्या घरात उभे राहायचे काय? तुला हे क्षुल्लक वाटेल. पण या झाकणापायी एका विद्वानाचे नाव पुसले जाण्याच्या बेतात आहे, आणि कार्यकारणभाव नीट लावला तर त्याचे पाप तुम्हा उभयतांच्या माथी येते. तो लावून दाखवतो.

तुला ठाऊक असेल (किंवा नसेल, कारण तू पेपरवाला आहेस) की ऑनलाइन ज्ञानकोशात कोणालाही नोंद लिहिता येते. गेल्या महिन्यात मी आपल्या गुरुजींवर लिहिली. छापखान्यात मी दिवसभर औषधांच्या खोक्यांत घालायचे कागद तपासत असतो. कोणत्या गोळीने मळमळते आणि कोणत्या गोळीने चक्कर येते, हे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. अशा माणसाला संध्याकाळी मोठ्या अक्षरांत काहीतरी चांगले लिहावेसे वाटले, तर त्यात गैर काय? जन्मभर धर्मशास्त्र शिकवलेला माणूस. चार परिच्छेद झाले. त्यातली विशेषणे कोणीतरी रातोरात काढून नेली, तरी मी ब्र काढला नाही. मग 'तटस्थ' असे नाव धारण केलेल्या एका सद्गृहस्थाने नोंदीच्या डोक्यावर लाल पट्टी चिकटवली: या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, नोंद वगळावी काय, सदस्यांनी पंधरा दिवसांत मत द्यावे.

उल्लेखनीयता म्हणजे काय ते मी बसून वाचून काढले. ज्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही अशा लोकांनी, विश्वासाच्या ठिकाणी, तुमच्याविषयी सविस्तर लिहिलेले पाहिजे. गुरुजींनी तर स्वतःचेही एक पुस्तक छापलेले नाही. (छापले की दुरुस्त करता येत नाही, हे त्यांचे कारण. मी मुद्रितशोधक असल्यामुळे मला ते पटते.) त्यांच्यासमोर बसून टिपणे घेतलेल्या एका हुशार शिष्याने मात्र त्या टिपणांचा जाडजूड ग्रंथ केला, प्रस्तावनेत 'ज्यांचे ऋण फेडणे अशक्य आहे' अशी गुरुजींसाठी एक ओळ घातली, आणि फेडण्याचा विषय तिथेच मिटवला. त्या ग्रंथकाराची नोंद आहे, हनुवटीला हात लावलेल्या फोटोसकट. घेणारा उल्लेखनीय, देणारा वगळावा काय! त्याच कोशात कारखान्याबरोबर नामशेष झालेल्या एका बिस्किटाची नोंद आहे आणि तिच्याखाली संदर्भांची रांग आहे. आयुष्यात एकच सामना खेळून तोही हरलेल्या एका गोलरक्षकाची आहे. मी बिस्किटाच्या विरुद्ध नाही. पण बिस्किटाने कोणाला काय शिकवले?

वर मला बजावण्यात आले की लेखकाचा विषयाशी निकटचा संबंध दिसतो. दिसतो म्हणजे, आहेच! संबंध नसलेल्याला त्यांच्याविषयी माहीत काय असणार? ज्याला ठाऊक आहे त्याने गप्प बसावे आणि ज्याला ठाऊक नाही त्याने साक्ष द्यावी, ही कुठली रीत? (हे मी त्यांना लिहिलेले नाही. तुलाच लिहितो आहे, कारण तू उलट लिहीत नाहीस.)

शेवटी चर्चेत उतरायचे ठरवले. वाद कसा करायचा हे तर गुरुजींनीच शिकवलेले. आधी समोरच्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, त्याला स्वतःला जमला नसता इतका चांगला मांडायचा. ऐकून त्याने मान डोलावली, की मग आपले उत्तर. (तू पूर्वपक्ष मांडता मांडता तिकडेच राहायला गेलास आणि पाठशाळा सोडून वर्तमानपत्रात शिरलास, ते निराळे.) त्याप्रमाणे रविवारी सकाळी मी पूर्वपक्ष लिहिला. तटस्थाला जे तीन ओळींत धड म्हणता आले नव्हते, ते मी दीड पान करून दिले. ग्रंथ नाही, तेव्हा विद्वत्तेला पुरावा कोणता? शिष्य. तो ग्रंथकार सोडला तर शिष्यांतले नावारूपाला कोण आले? आणि त्यानेही गुरूवर लिहिली ती एकच ओळ. आणि जे बोलतात ते प्रेमाने बोलतात. प्रेम हे प्रमाण नव्हे. कोश ही आदर दाखवण्याची जागा नसून पडताळून पाहण्याची आहे. वाचताना माझीच मान डोलली. ते चर्चेत टाकले आणि उत्तर लिहिण्यापूर्वी जरा चहा घ्यावा म्हटले.

येथे तुमची किटली प्रवेश करते. झाकण कपात, कप आडवा, चहा कीबोर्डमध्ये. कीबोर्ड पुसून, उलटा करून खिडकीत वाळत टाकला. दुपारी फोनवर पाहतो तो माझ्या दीड पानाखाली रांग लागलेली. 'वरील सदस्याशी पूर्ण सहमत.' 'वरीलप्रमाणे.' 'इतके स्वच्छ विवेचन प्रथमच वाचले, वगळावे.' आदल्या दिवशी 'ठेवावे' म्हणून गेलेला एकुलता एक सज्जन परत येऊन मत बदलून गेला होता. तटस्थाने तर कमाल केली. स्वतः लिहिलेल्या नोंदीविरुद्ध उभे राहण्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल त्याने मला एक पितळी रंगाचा तारा बहाल केला. पन्नाशी उलटली तरी मला कोणी पदक दिले नव्हते. मिळाले ते गुरुजींना बुडवल्याबद्दल.

हा नुसता पूर्वपक्ष आहे, उत्तर यायचे आहे, एवढे शेंबड्या पोरालाही कळेल, असे मी तुझ्या वहिनीला तावातावाने समजावले. ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी विचारलं काढून टाकू का, तुम्ही दीड पान हो म्हणालात. त्यांनी आणखी काय समजायचं?"

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून परस्पर गुरुजींकडे गेलो. त्यांची सून दातांची डॉक्टर, दवाखाना घराच्या खालीच, माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर. गुरुजींना आता दिसत नाही, म्हणून करमणुकीला ते पेशंटच्या बाकावर येऊन बसतात. शेजारी गाल सुजलेला एक माणूस होता. गुरुजींनी त्याच्याशी काहीतरी वाद काढला होता आणि त्याला तोंड उघडता येत नसल्याने त्याची बाजूही तेच मांडत होते. तो बिचारा मान डोलावत होता. सुनेने सगळी चर्चा त्यांना वाचून दाखवली होती, म्हणून मी क्षमा मागायच्या तयारीने गेलो होतो. गुरुजी प्रसन्न. म्हणाले, "पूर्वपक्ष झकास झालाय. मला स्वतःला पटला. उत्तर कधी?" मी म्हटले, कीबोर्ड वाळतोय. "वाळू दे," ते म्हणाले, "मी आहे."

तात्पर्य, झाकण धड बसले असते तर हे काही घडले नसते. किटली वेगळ्या पार्सलाने परत येईल. राग कळावा, लोभ आहे तिथेच आहे.

तुझा (वयाने तरी) थोरला भाऊ

ता. क. चर्चा येत्या सोमवारी बंद होते आणि तुझी पुरवणी रविवारी निघते. गुरुजींवर अर्धे पान छापलेस तर एक स्वतंत्र संदर्भ होईल. फक्त तू त्यांच्याकडे शिकलास आणि माझा मावसभाऊ आहेस, हे त्यात येऊ देऊ नकोस. हवे तर आपण काही दिवस भांडलो आहोत असे समज. (हे वाक्य पुन्हा वाचले. गुरुजी पहिला प्रश्न विचारतील, प्रमाण खरोखर स्वतंत्र आहे का? राहू दे. छापू नकोस.)

आणखी एक. किटली परत पाठवत नाही. कीबोर्ड त्याच संध्याकाळी वाळला होता, आणि फोनवरूनही लिहिता आले असते, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. रोज रात्री जेवण झाल्यावर बसतो, 'उत्तर' एवढा शब्द लिहितो आणि पुढे काही सुचत नाही. आपण लिहिलेले आपल्याला खोडता येत नाही. ग्रंथकार एका ओळीत मोकळा झाला, तेव्हा त्यांच्या विद्येला उरलेला पुरावा म्हणजे आपण. आणि आपण कोण, तर एक औषधांचे कागद वाचणारा आणि एक (रागावू नकोस) रविवारची शब्दकोडी छापणारा. सून सांगते, दार वाजले की ते विचारतात, "उत्तर आलं का?" म्हणून मी हल्ली मागच्या रस्त्याने घरी येतो. पावलांवरून ओळखतात ते मला.

नोंद राहिली काय, गेली काय, बिस्किटाशेजारी बसून त्यांना काय मिळणार आहे. पण "मला स्वतःला पटला" असे ते म्हणाले, तेव्हा मी हसलो होतो. आता वाटते, ते थट्टेने म्हणाले नसतील तर? तूही त्यांच्यासमोर बसलेला आहेस, तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ते थट्टेनेच म्हणाले असतील ना, एवढे मला कळव.