अनुद्घाटित घर क्रमांक सात

प्रिय साहेब,

आज दुपारी तीन वाजता आपण अधिकृतरीत्या थोर झालात. शोकसभेचे भाषण मीच लिहिले आणि मीच वाचले. तेव्हा आपल्या थोरवीचा जनक कोण, हे आपणांस सर्वांत आधी कळावे. ‘द्रष्टे’, ‘निःस्पृह’, ‘गृहहीनांचे कैवारी’ अशी अकरा विशेषणे मी आपल्या छायाचित्रापुढे ठेवली. एकही आपल्या मापाचे नव्हते. पण मृतांचा एक मोठा गुण असतो: अंगरखा ढगळ झाला म्हणून ते तक्रार करत नाहीत.

आता कचेरी सुटली आहे, हारातल्या झेंडूने मान टाकली आहे आणि मी आपल्या खुर्चीत बसून हे लिहितो आहे. काय रुतते हो ही खुर्ची! इतकी वर्षे आपणांस हिच्यात झोप तरी कशी लागत असे?

पुढ्यात एक किल्ली आहे. तिच्यावर क्रमांक नाही. तो का नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? गृहनिर्माण मंडळाचा प्रभारी प्रमुख या नात्याने ही किल्ली उद्या कोणाच्या हाती द्यायची, हे मला ठरवायचे आहे. घर एकच उरले आहे, क्रमांक सात. आणि मागणाऱ्या स्त्रिया दोन आहेत. एक विणकराची विधवा नरसम्मा. दुसरी आपली विधवा. हा प्रसंग आपण हयातीत कल्पिला असता, तर मरण्यापूर्वी निदान एक टिपणी तरी लिहून गेला असता.

होटगी रस्त्यावरची ती वसाहत स्मरते ना? विणकरांसाठी अठ्ठेचाळीस घरे. दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीला लाकडी जाळी आणि जाळीच्या दाराला कुलूप. दुष्काळ ओसरता ओसरता बांधकाम पूर्ण झाले. कुलपे लागली, किल्ल्या आपल्या लोखंडी कपाटात गेल्या, आणि पुढे दीड वर्ष काहीही घडले नाही! कारण आपला सिद्धांत.

“विनायकराव,” आपण म्हणाला होतात, “घर बांधल्याने घर होत नाही. ते दिल्याने होते. आणि देणे म्हणजे किल्ली-प्रदान समारंभ.”

मी मान डोलावली. माझी मान या कचेरीत इतकी डोलली आहे, की तिला माझ्याहून वेगळे निवृत्तिवेतन मिळायला हवे.

प्रमुख पाहुणे पहिल्या वेळी येणार, तोच त्यांचे खाते बदलले. दुसऱ्या वेळी खाते टिकले, पण प्रकृती टिकली नाही. तिसऱ्या वेळी ते आले, परंतु स्थानकावर दुसऱ्याच कोणी त्यांना आधी हार घातला, म्हणून आपणच रुसलात! दर वेळी रिकाम्या घरांना नवा चुना लागला. आणि तो कोणी लावला? समोर पत्र्याच्या खोपटांत राहणाऱ्या त्या घरांच्या भावी मालकांनी. “स्वहस्ते रंगवले की आपुलकी उत्पन्न होते,” हे आपलेच वचन. उत्पन्न झालीही. फक्त दार उघडत नव्हते.

मल्लय्याला सात नंबर मंजूर झाले होते. हातमागावर आयुष्य गेलेला माणूस. छातीत सुताची धूळ साठून साठून त्याचा श्वास चाळणीतून आल्यासारखा यायचा. त्याचे खोपट सात नंबरच्या अगदी समोर. त्याची बायको नरसम्मा रोज सकाळी त्या कुलूपबंद जाळीपुढे झाडायची, सडा टाकायची आणि रांगोळी काढायची. कोणाच्या घरापुढे? मंडळाच्या नोंदीप्रमाणे, कोणाच्याही नाही!

मग तो वैशाख आला. सोलापूरच्या पत्र्याखाली वैशाखात माणूस राहत नाही, भाजला जातो. नरसम्मा आपल्या दालनात येऊन उभी राहिली. मी आपल्या डाव्या हाताला होतो.

“साहेब, किल्ली नका देऊ,” ती म्हणाली. “घर बी नगं. नुसती वसरी उघडून द्या की. मानूस सावलीला निजू दे. तुमचा सोहळा आला की आमी उठतो, झाडून देतो.”

आपण चष्मा काढलात. चष्मा काढून आपण जे बोलायचात ते आपणांस सुभाषित वाटायचे. “बाई, लाभार्थीच आधी आत शिरला, तर प्रमुख पाहुण्यांनी कशाचे उद्घाटन करायचे?”

“त्यो वसरीतच निजंल, साहेब. आत न्हाई जायचा.”

“विनायकराव, यांना लेखी उत्तर द्या.”

आणि मी दिले, साहेब! अहाहा, काय उत्तर होते ते! ‘आपल्या विनंतीचा सहानुभूतिपूर्वक व सर्वंकष विचार करण्यात आला असून, समारंभपूर्व प्रवेशाने अनिष्ट पायंडा पडण्याचा संभव लक्षात घेता, सदर विनंती मान्य करण्यास हे मंडळ असमर्थ आहे.’ एका ओसरीला नकार देण्यासाठी मी अख्खी देवभाषा कामाला लावली. आपण स्वाक्षरी करताना म्हणालात, “तुमच्या हातात सरस्वती आहे.” मी दिवसभर फुललो होतो.

त्या कागदाविषयी आणखी एक गोष्ट आहे. ती आपणांस ठाऊक नाही. ती शेवटी सांगतो. माझ्याही अंगी थोडे समारंभप्रेम आहे.

मल्लय्या त्याच वैशाखात गेला. आणि बरोबर नवव्या दिवशी आपला समारंभ झाला!

त्या समारंभाचे वर्णन मी आजच्या भाषणात ‘न भूतो न भविष्यति’ असे केले. ते मात्र अक्षरशः खरे होते. किल्ल्या गंजल्या आहेत, छायाचित्रात चमकणार नाहीत, म्हणून आपण आदल्या दिवशी रसूलभाईंना त्या चिंचेच्या पाण्यात घासायला सांगितल्यात. आपल्या दारावरचा हा शिपाई जन्मात कोणतेही काम अर्धे करत नसे. त्याने प्रत्येक किल्लीला बांधलेली क्रमांकाची चिठ्ठी काढली, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस किल्ल्या एका घमेल्यात टाकल्या आणि सोन्यासारख्या लखलखीत करून तबकात मांडल्या. वर लाल फीत.

“अरे, नंबर कुठे आहेत?” मी ओरडलो.

“चिठ्ठ्यां पानी में गल जाते बोलके निकाल दिया ना साब,” रसूलभाई म्हणाले. “देखो कैसे चमकरे!”

आपणांस सांगितले, तर आपण काय म्हणालात? “पाहुणे किल्ली देणार आहेत, विनायकराव, कुलूप उघडणार नाहीत.” हे वाक्य आपल्या पुतळ्याखाली कोरावे, अशी माझी सूचना आहे, पुतळा झाल्यास.

पण पाहुण्यांना छायाचित्रासाठी एक तरी दार उघडण्याची हौस आली! सर्वांसमक्ष त्यांनी किल्ली फिरवली. फिरेना. दुसरी आणली. फिरेना. घामाने त्यांची टोपी भिजली. आपण म्हणालात, “नवे कुलूप आहे साहेब, लाजते आहे.” पाहुणे हसले, मोटारीत बसले आणि गेले. मग पुढचे तीन तास वसाहतभर बायामाणसे चमचमत्या किल्ल्या घेऊन या दारातून त्या दारात हिंडत होती. “ओ मावशी, तुमची आमच्याला बसते का बघा की!” हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस घरे त्यांची त्यांनीच उघडली. मंडळाच्या इतिहासातले ते एकमेव कार्यक्षम वाटप, आणि त्यात मंडळाचा सहभाग नव्हता!

एक किल्ली उरली. नरसम्मा समारंभाला आली नव्हती. सुतकात होती. आली असती, तरी आपण काय दिले असते? आपण तिच्या प्रकरणावर लिहिलेत, ‘लाभार्थी मयत. वारस निश्चित करून सादर करावे.’ चार वर्षे मी ते प्रकरण सादर करत राहिलो आणि चार वर्षे आपण ‘पाहिले’ एवढेच लिहीत राहिलात. काय पाहत होतात, साहेब? मल्लय्याची बायको हीच मल्लय्याची बायको आहे की नाही, हे?

नंतर मंडळाचा वाहनचालक वारला, तेव्हाचे आठवते? त्याची बायको सरकारी खोली सोडीना, म्हणून आपण नियम केलात: मृत सेवकाच्या कुटुंबाने पंधराव्या दिवशी निवासस्थान रिकामे करावे. मी चाचरत म्हणालो, “साहेब, पंधरा दिवस थोडे होतात.” आपण उत्तरलात, “तेरावे त्यात बसते ना? मग झाले तर!”

काल आपले तेरावे झाले. बसले, साहेब. व्यवस्थित बसले.

नियमाप्रमाणे उद्या वहिनींनी बंगला सोडायचा. आपण उभ्या हयातीत स्वतःचे घर बांधले नाहीत. बंगला आहे, घाई काय, असे म्हणत राहिलात. वहिनींना माहेरी, केमला, भावाकडे जावे लागेल. भावजय कशी आहे, हे आपण जाणता. अठ्ठेचाळीस घरांच्या दात्याची पत्नी केमच्या पडवीत ट्रंकेवर बसलेली! यावर विशेषण सुचवा, माझी अकरा संपली.

म्हणून मंडळाच्या सदस्यांनी परवा ठराव केला, की सात नंबर रिकामेच आहे, ते कृतज्ञतेपोटी वहिनींना द्यावे. सर्वांनी हात वर केले. मीही केला. मानेची सवय हाताला लागली, दुसरे काय!

आज सकाळी वहिनी टांगा करून एकट्याच घर पाहून आल्या. शोकसभा संपल्यावर त्या या दालनात आल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या. ज्या बाकावर आपण लोकांना तासन् तास बसवायचात, त्याच.

“विनायकराव, तिथे एक बाई रांगोळी काढत होती,” त्या म्हणाल्या. “मला विचारलं, ‘अक्का, तुमी ह्या घरच्या का?’ मी म्हटलं, अजून ठरायचंय. तर म्हणाली, ‘दार उगडलं की पयलं वसरीत पानी मारा. लई तापती ती. मी जाळीतनं बगते की रोज.’ मग तांब्याभर पाणी आणून दिलं मला, आणि जपून ठेवलेला मंडळाचा एक कागद वाचायला दिला.”

मी मेजावरचे कागद सरळ करू लागलो.

“तिच्या नवऱ्याला ओसरी नाकारली, तो कागद कुणी लिहिला?”

“साहेबांची स्वाक्षरी आहे, वहिनी.”

“सही कुणाची ते विचारलं नाही. लिहिला कुणी?”

आता ती गोष्ट. नरसम्माला वाचता येत नाही. तो कागद मीच तिला जिन्यात वाचून दाखवला होता. ऐकून ती म्हणाली, “म्हंजे दिली का न्हाई, अण्णा?” एवढ्या संस्कृतात मला ‘नाही’ हा शब्द सापडेना, साहेब. तिच्या तोंडाकडे पाहून मी म्हणालो, “विचार चालू आहे.” मला ते सौजन्य वाटले होते! वर्षानुवर्षे मी ते माझ्या पुण्याच्या बाजूला धरत आलो.

वहिनी म्हणाल्या, “कुंभारीला तिचा भाऊ आहे. दारात मोठा लिंब आहे म्हणे, गार सावली. नवऱ्याला तिकडे न्यायचं, गाडीही ठरवली होती तिनं. पण कचेरीतल्या अण्णानं सांगितलं, विचार चालू हाय. म्हणून थांबली. आज नाही तर उद्या वसरी उघडंल म्हणून थांबली हो ती!”

आपल्याला शिव्या देण्यासाठी घेतलेली ही लेखणी पाहा कोणाच्या अंगावर आली! आपण निदान नकार दिला होता. नकार ऐकून माणूस कुंभारीला गेला असता. मल्लय्या गेला तो माझ्या सौजन्याने.

दाराशी वहिनी थांबल्या. “मला मोठेपणा करता येत नाही, विनायकराव. मला घर हवंय. केमला माझे हाल आहेत. पण नाही म्हणायचं असेल, तर तोंडावर ‘नाही’ म्हणा. मला तो तुमचा कागद पाठवू नका.”

पतिव्रतेला शोभेल असे काहीतरी आपल्याविषयी त्या बोलतील, अशी मी वाट पाहिली. त्यांनी हाराकडे पाहिले आणि म्हणाल्या, “यातली फुलं उद्या काढून टाका. वास मारतील.”

तर साहेब, मी आताच नरसम्माच्या प्रकरणावर लिहून टाकले आहे: ‘वारस: पत्नी. निश्चित.’ तीन शब्द. चार वर्षे! सदस्य मला या खुर्चीवरून उठवतील; उठवोत, तशीही ती रुतते.

आणि आता वचन. आपणांस दिलेले हे माझे शेवटचे. यापूर्वीची सर्व मी पाळली, हाच माझा अपराध. उद्या सकाळी आधी बंगल्यावर जाईन आणि वहिनींसमोर उभा राहून ‘नाही’ म्हणेन. पुढे एकही वाक्य जोडणार नाही. त्यांनी दार लावले, की होटगी रस्ता. मांडव नाही, फीत नाही, आपले छायाचित्र नाही. ही बिनक्रमांकाची किल्ली लागली तर ठीक. नाही तर बरोबर हातोडा आहे, रसूलभाईंकडून मागून घेतला आहे.

कुलूप निघेल. पण नरसम्माने आत पाऊल टाकण्यापूर्वी मी त्या जुन्या कागदाची कचेरीतली प्रत काढीन आणि तिला पुन्हा वाचून दाखवीन. या खेपेस मराठीत: ‘दिली नव्हती, नरसम्मा. विचार चालू नव्हता. मी खोटे बोललो.’

त्यानंतर तिने मला त्या ओसरीच्या सावलीत क्षणभरही उभे राहू दिले नाही, तर मी उन्हातच उभा राहीन. ओसरी तिची आहे.

आपला, आजवरचा आज्ञाधारक,
विनायक
मुख्य लिपिक व, उद्या सकाळपर्यंत, प्रभारी प्रमुख