फौजदारीणबाईंचा चेहरा

३ जून
ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आईची तब्येत तशीच. अर्धांगाच्या झटक्यानंतर गेलेली वाचा आलेली नाही, आपलं बोलणंही तिला उमगत नाही. मी खोलीबाहेर पडले की ती पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवते. बाजारहाट शेजारीणकाकू करतात, मी उंबरठा ओलांडत नाही.

संध्याकाळी टीव्हीवर फौजदारीणबाईंची मालिका लागते. समोर प्रेत असो की रडणारी माणसं, बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. मला त्या फार आवडतात. काही वाटतच नसेल तर माणूस किती सुटसुटीत राहील गं. मी आरशात बघून तो चेहरा बसवलाय आणि आता दिवसभर तोच वापरते. चमचा वाजला तरी आत काही होत नाही.

तू कधी येतेस? मागेही येते म्हणाली होतीस. लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी धाकटी

१२ जून
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून खूप हसले. सिनेमातलं कुत्रं हरवलं तरी आईचा पदर भिजवणारी तू, आणि निघालीस फौजदारीण व्हायला! पण तेवढाच जिवाला विसावा. शाळेत प्रवेश चालू आहेत, रजा मिळणं कठीण. पुढच्या महिन्यात बघू. तू खंबीर आहेस म्हणून मी इथे निर्धास्त असते. लोभ आहे तसाच ठेव.
ताई

२० जून
ती. ताईस,
नमस्कार.

आईने जेवण सोडलं होतं. घास नेला की ओठ घट्ट. डॉक्टर म्हणाले, गिळण्यात दोष नाही, पण असंच चाललं तर नळी घालावी लागेल. काल काकू भरवायला बसल्या. बाळाला भरवताना करतात तसा त्यांनी आ केला, आणि आईनेही केला. पूर्वी मीही करायचे. तिला शब्द कळत नाहीत, ती फक्त चेहरा बघते. फौजदारीणबाई आ करत नाहीत. मी ओठ मिटून बसले, म्हणून तीही.

मग मी चमचा घेतला आणि आ केला. ताई, तोंड उघडलं आणि रडूच बाहेर आलं, काही केल्या आवरेना. मला बघून आईही रडली, आणि रडता रडता वाटीभर भात जेवली.

आता मला दाराबाहेरही पडता येत नाही आणि त्या चेहऱ्याआड लपताही येत नाही. मी खंबीर नाही गं. आईपुढे आ करायला दुसरं कुणी हवं आहे.

लोभाचं नंतर. आधी तू ये.
धाकटी